दुरुस्त झालेले मंदिर आणि गाणारी मंडळी



येत्या ९ नोव्हेंबरला ख्रिस्तसभा लॅटरन महामंदिराच्या समर्पणाचा सण साजरा करील. पोप महोदयांचे कॅथेड्रल कोणते असे विचारले, तर आपल्यापैकी बहुतेक जण संत पेत्राचे महामंदिर असे उत्तर देतील. ते बरोबर नाही. रोमचे बिशप या नात्याने पोप महोदयांचे आसन लॅटरन महामंदिरात आहे. इ. स. ३२४ मध्ये पोप सिल्वेस्टर यांनी ते देवाला समर्पित केले अशी परंपरा आहे. जगातील सर्व मंदिरांची माता म्हणून त्याला मान आहे, आणि म्हणूनच कुठे रोम आणि कुठे आपले सिंदी, तरी त्याच्या समर्पणाचा सण आपण आपल्या वेदीसमोर साजरा करतो.

‘कॅथेड्रा’ म्हणजे आसन. ज्या मंदिरात बिशपांचे आसन असते ते कॅथेड्रल. आपल्या नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ साली झाली आणि १९५३ साली तो महाधर्मप्रांत झाला. त्याचे कॅथेड्रल नागपुरात संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने उभे आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या लहानशा मंडळीचेही ते मातृमंदिर आहे. आपण वर्षातून एकदाच तिथे जात असू किंवा कधीच गेलो नसू, तरी त्या आसनाशी आपले नाते आहे.

या सणाच्या निमित्ताने एका प्रश्नावर आपण थोडा विचार करू या. जुने मंदिर मोठ्या खर्चाने दुरुस्त होते. मग तिथे संगीताचे कार्यक्रम होतात, चित्रांची आणि मूर्तींची प्रदर्शने भरतात, दूरदूरचे पाहुणे येतात. हे सारे देवाच्या घरात शोभते काय? गरिबांच्या देशात एवढा पैसा दगड-लाकडावर आणि सुरांवर घालवावा काय? आणि ज्यांच्या मंदिरात ऑर्गन नाही, रंगीत काचा नाहीत, अशा आपल्यासारख्यांना यातून काय घ्यायचे आहे?

पवित्र शास्त्रातील दुरुस्ती

मंदिराची दुरुस्ती हा विषय पवित्र शास्त्रात अनेकदा येतो. योवाश राजाच्या काळात यरुशलेमचे मंदिर मोडकळीस आले होते. तेव्हा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. लोकांनी टाकलेला पैसा मोजून सुतार, गवंडी आणि पाथरवट यांच्या हाती दिला जाई. राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात एक सुंदर गोष्ट नोंदलेली आहे. त्या कारागिरांकडे कोणी हिशेब मागत नसे, कारण ते प्रामाणिकपणे काम करीत. मंदिराच्या दुरुस्तीचा पहिला पाया हा असा आहे. देणाऱ्याचे मन मोकळे हवे आणि घेणाऱ्याचा हात स्वच्छ हवा.

पुढे योशिया राजाच्या काळात पुन्हा दुरुस्ती निघाली. ते काम चालू असताना मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. देवाच्या घरात देवाचेच वचन हरवले होते आणि कोणाला त्याची चुकचुकही वाटली नव्हती! तो ग्रंथ राजापुढे वाचला गेला तेव्हा राजाने आपली वस्त्रे फाडली. भिंत दुरुस्त करायला गेलेल्या लोकांना आपले अंतःकरण दुरुस्त करावे लागले.

तिसरा प्रसंग एज्राच्या ग्रंथातला आहे. बंदिवासातून परत आलेल्या लोकांनी पडलेल्या मंदिराचा पाया नव्याने घातला. आसाफाचे वंशज झांजा घेऊन उभे राहिले, याजकांनी कर्णे फुंकले, स्तुतिगीत सुरू झाले. तरुणांनी आनंदाने गजर केला. ज्या म्हाताऱ्यांनी पहिले मंदिर डोळ्यांनी पाहिले होते ते मात्र मोठ्याने रडू लागले. आनंदाचा आवाज कोणता आणि रडण्याचा कोणता हे दुरून ऐकणाऱ्याला ओळखता येईना. भिंती अजून उठल्या नव्हत्या, छप्पर नव्हते, दारे नव्हती. गाणे मात्र पहिल्याच दिवशी सुरू झाले. इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात तर दावीद राजाने मंदिरसेवेसाठी २८८ निपुण गायक-वादक नेमल्याचा उल्लेख आहे. देवाच्या घरात संगीत हा वरचा शृंगार नाही, ते सेवेचेच एक अंग आहे, असे शास्त्र आपल्याला शिकवते.

जुन्या गोव्याची साक्ष

आता आपल्या शेजारच्या गोव्याकडे वळू या. जुन्या गोव्यातले से कॅथेड्रल आपल्यापैकी काहींनी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला गेल्यावर पाहिले असेल. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संतांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन याच कॅथेड्रलमध्ये होते. हे मंदिर संत कॅथरिन यांना समर्पित आहे. १५६२ साली त्याचे बांधकाम सुरू झाले आणि १६१९ साली मुख्य इमारत पूर्ण झाली. सुमारे ७६ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असे ते भव्य मंदिर आहे. समोरच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला आणि तो पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोनेरी घंटा’ आहे. तिच्या गोड आणि भरीव नादामुळे तिला हे नाव मिळाले.

रोगांच्या साथींनी ते शहर ओस पडत गेले, राजधानी पणजीला हलली, रस्त्यांवर गवत उगवले. ज्या शहरासाठी ही मंदिरे बांधली गेली ते शहरच उरले नाही. जवळच्या संत ऑगस्टीनच्या मठाचे छत १८४२ साली कोसळले. आज तिथे एका उंच मनोऱ्याचे अवशेष तेवढे दिसतात. पण त्या मठाची घंटा वाचली. ती आज पणजीच्या निष्कलंक मारियामातेच्या मंदिरात भाविकांना मिस्सेसाठी बोलावते. दगड पडले, नाद राहिला! आपल्या महाराष्ट्रातही याची साक्ष आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा मूळची पोर्तुगीज आहे. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. तीही आज दुसऱ्या भाविकांना प्रार्थनेला बोलावते आहे.

१९८६ साली युनेस्कोने जुन्या गोव्यातल्या चर्चेस आणि मठांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. मंदिरांची निगा राखली जाऊ लागली. से कॅथेड्रलच्या वरच्या बाजूला टेकडीवर माउंट मारियामातेचे जुने चॅपेल आहे. ‘फुन्दासाँव ओरिएन्ते’ या पोर्तुगीज संस्थेने या शतकाच्या सुरुवातीस त्याची दुरुस्ती केली. त्यानंतर तिथे दरवर्षी संगीत महोत्सव भरू लागला. चॅपेलमध्ये आणि पुढच्या अंगणात पाश्चात्य शास्त्रीय संगीत झाले, तसेच आपले भारतीय शास्त्रीय संगीतही झाले. समोर मांडवी नदी, खाली जुन्या गोव्यातल्या मंदिरांचे मनोरे, पश्चिमेला मावळता सूर्य आणि कानावर सूर! जे कधी चर्चची पायरी चढले नसते असे अनेक जण त्या संध्याकाळी देवाच्या घराच्या दाराशी येऊन बसले. जुन्या गोव्यातल्याच संत मोनिका मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. १९९४ साली रायतूरच्या सेमिनरीत सुरू झालेले हे संग्रहालय २००२ साली इथे आले आणि मोठ्या नूतनीकरणानंतर २०२२ साली पुन्हा उघडले. त्यातल्या हस्तिदंती आणि लाकडी मूर्ती पाहिल्या की आपल्या मातीतल्या कारागिरांनी किती प्रेमाने प्रभूचे रूप घडवले ते कळते. संतांच्या चेहऱ्यांत आपल्याच लोकांची ठेवण दिसते.

इथे आपल्या मराठी भाषेचाही मान आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेज्वीट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ साली ते छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपल्या कानाला ओळखीच्या चालीत तारणाची कथा हवी होती. ती त्यांना ओवीत मिळाली. गोव्यातल्या मंदिरांत पिढ्यान्‌पिढ्या हे पुराण वाचले आणि गायले गेले. म्हणजे गोव्याच्या चर्चमध्ये लॅटिन गायन, व्हायोलिन आणि ऑर्गन होते, तशी आपली ओवीही होती.

गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून गरिबांच्या मुलांना सुरांचे लेखन-वाचन आणि वाद्ये शिकवली जात. ती मुले मोठी होऊन मुंबईला गेली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या ख्रिस्ती वादकांची मोठी फळी होती. ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ सालच्या चित्रपटातले ‘अँथनी गोन्साल्विस’ हे नाव सर्वांना ठाऊक आहे. ते एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे नाव आहे. गोव्याच्या माजोर्डा गावचे ते अँथनी गोन्साल्विस, त्यांचे वडील गावच्या चर्चमधल्या गायनाचे प्रमुख होते. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. वेदीशेजारी बसून शिकलेला सूर असा पुढे साऱ्या देशाच्या घराघरांत रेडिओवरून पोहोचला.

लॅटरनच्या सणाच्या दिवशी यहेज्केल संदेष्ट्याचे वाचन होते. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते, वाहत जाते, खोल होत जाते आणि जिथे पोहोचते तिथे खारे पाणी गोड होते, झाडांना फळे येतात. चर्चमधले संगीत बाहेर जाते तेव्हा ते त्या पाण्यासारखे असावे. पण पाणी निघते ते उंबरठ्याखालून. झरा आटला तर प्रवाह कुठून येणार?

पॅरिसची आग आणि पॅरिसचे गाणे

ही गोष्ट आपल्या काळात साऱ्या जगाने पाहिली. १५ एप्रिल २०१९, पवित्र आठवड्यातला सोमवार. पॅरिसच्या नोत्रदाम कॅथेड्रलला आग लागली. ११६३ च्या सुमारास ज्याचा पाया घातला गेला त्या मंदिराचे लाकडी छप्पर आणि उंच शिखर काही तासांत जळून कोसळले. अग्निशमन दलाचे धर्मगुरू फादर जाँ-मार्क फुर्निये यांनी पवित्र साक्रामेंत सुरक्षित बाहेर आणले. बाहेर रस्त्यावर शेकडो लोक, त्यात तरुण पुष्कळ, गुडघे टेकून मारियामातेची गीते गात राहिले. ज्या देशात चर्चला जाणाऱ्यांची संख्या घटली असे आपण ऐकतो, त्या देशाच्या ओठांवर संकटाच्या रात्री कोणते शब्द आले ते पाहा.

पुढची पाच वर्षे सुतार, पाथरवट, काचकाम करणारे आणि चित्रे स्वच्छ करणारे अशा सुमारे दोन हजार कामगारांनी तिथे सेवा केली. छपरासाठी आणि शिखरासाठी सुमारे दोन हजार ओक वृक्ष लागले. कित्येक तुळया जुन्या पद्धतीने हातातल्या कुऱ्हाडीने तासल्या गेल्या. सुमारे आठ हजार नळ्यांचा मोठा ऑर्गन आगीतून वाचला होता, पण त्याच्यावर शिशाची विषारी धूळ बसली होती. त्याचे भाग सोडवून ते स्वच्छ केले गेले आणि पुन्हा जागच्या जागी बसवले गेले. मंदिर बंद होते त्या काळात तिथले गायकवृंद दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन गात राहिले. २०२० च्या नाताळसाठी तर काही गायक कामगारांसारखी शिरस्त्राणे घालून त्या अर्धवट मंदिरात उभे राहिले आणि गायले. समोर एकही श्रोता नव्हता. जळलेल्या भिंती ऐकत होत्या आणि देव ऐकत होता.

७ डिसेंबर २०२४ रोजी मंदिराचे दार पुन्हा उघडले. आर्चबिशप लोराँ उल्रिक यांनी आपल्या दंडाने बंद दारावर ठोठावले आणि आतून गायकवृंदाने गाऊन उत्तर दिले. मग त्यांनी ऑर्गनला उद्देशून आठ वेळा साद घातली आणि प्रत्येक वेळी ऑर्गनने सुरांनी प्रतिसाद दिला. दुसऱ्या दिवशी नव्या वेदीचे समर्पण झाले. दुरुस्ती झाली ती मिस्सेसाठी हे त्या वेदीने सांगितले. नंतर तिथे पुन्हा पवित्र संगीताच्या मैफली सुरू झाल्या.

मंदिर उघडण्याआधी तिथल्या सरकारमधल्या एका मंत्र्यांनी सुचवले होते की पर्यटकांकडून प्रवेशाचे थोडे पैसे घ्यावेत, ते इतर मोडक्या मंदिरांना उपयोगी पडतील. हेतू वाईट नव्हता. तरी पॅरिसच्या धर्मप्रांताने नम्रपणे नकार दिला. देवाचे घर सर्वांना मोफत खुले असले पाहिजे. प्रार्थनेला आलेला कोण आणि पाहायला आलेला कोण हे दारावरच्या माणसाने कसे ठरवायचे? आत येताना जो पर्यटक असतो तो बाहेर जाताना कधी कधी भाविक झालेला असतो.

एवढा खर्च कशासाठी?

नोत्रदामसाठी सुमारे दीडशे देशांतल्या तीन लाख चाळीस हजार दात्यांनी पैसे दिले. रक्कम ऐंशी कोटी युरोंच्या वर गेली. त्यात मोठे उद्योगपती होते आणि अगदी थोडे देणारेही होते. हा आकडा ऐकून आपल्या विदर्भातल्या माणसाच्या मनात शंका येणे साहजिक आहे. इथे कापसाला भाव नाही, पाऊस दगा देतो, कर्जाच्या काळजीने कित्येक घरांत चूल मुकी होते. तिथे छपरावर एवढे कोटी?

बंधू-भगिनींनो, ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. संदेष्टा आमोस याच्या तोंडून देवाने स्वतःच सांगितले की जिथे न्याय नाही तिथली गाणी आणि वीणा मला नकोत. संत जॉन क्रिझोस्टोम यांनीही वेदी सजवणाऱ्यांना दाराबाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताची आठवण करून दिली होती. ज्या मंदिराच्या भिंती रंगल्या आणि ज्याच्या मंडळीतला आजारी माणूस एकटा पडला, ते मंदिर दुरुस्त झाले असे म्हणता येणार नाही.

पण याच शंकेची दुसरी बाजूही शुभवर्तमानात आहे. बेथानीच्या घरी मरियेने प्रभूच्या पायांना महागडे सुगंधी तेल लावले तेव्हा हे विकून गरिबांना का दिले नाही असे विचारणारा यहूदा होता. संत योहान सांगतात की गरिबांची काळजी त्याला नव्हती. प्रभूने मरियेचे प्रेम स्वीकारले. गरिबाला भाकरी हवी, तसे सौंदर्यही हवे. श्रीमंताच्या घरात गालिचे असतात, चित्रे असतात, वाद्ये असतात. मजुराच्या घरात ती नसतात. पण कॅथेड्रलचे उंच छत, तिथला सूर, तिथली मूर्ती, हे सारे त्या मजुराच्याही मालकीचे असते. दिवसभर शेतात राबलेली बाई तिथे राणीसारखी ताठ बसू शकते. चर्चने कला सांभाळली ती अशी सर्वांसाठी.

ख्रिस्तसभेचा नियम काय सांगतो?

मग चर्चमध्ये कोणताही कार्यक्रम चालेल काय? नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालच्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजात पवित्र संगीताला अनमोल ठेवा म्हटले आहे आणि उपासनेत सर्व भाविकांचा सक्रिय सहभाग हवा असे ठामपणे सांगितले आहे. ऑर्गनचा तिने मान राखला, त्याचबरोबर स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला आणि योग्य अशा इतर वाद्यांनाही जागा दिली. म्हणूनच आपल्या मिस्सेत पेटी आणि तबला निःसंकोच वाजतात.

चर्चच्या कायद्याचे १२१० वे कलम असे सांगते की पवित्र स्थळी उपासना, भक्ती आणि धर्म यांना पोषक असेल तेच चालावे. त्या जागेच्या पावित्र्याला बाधा येणार नसेल तर बिशप एखाद्या वेळेपुरती इतर गोष्टीला परवानगी देऊ शकतात. याच धर्तीवर व्हॅटिकनने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी चर्चमधल्या संगीत कार्यक्रमांविषयी पत्र काढले. त्यातल्या अटी साध्या आणि शहाणपणाच्या आहेत. परवानगी आधी लेखी मागावी. प्रवेश मोफत असावा. गायक-वादकांचा आणि श्रोत्यांचा पेहराव आणि वागणे त्या जागेला शोभेसे असावे. कलाकारांनी वेदीच्या जागेवर बसू नये. वेदी, धर्मगुरूंचे आसन आणि वाचनपीठ यांचा मान राखावा. शक्य तर पवित्र साक्रामेंत दुसऱ्या सुयोग्य जागी हलवावे. आणि गायले जाणारे संगीत लोकांना नीट समजावून सांगावे, म्हणजे त्यांचे मनही त्यात सहभागी होईल.

या सगळ्या अटींच्या मागे एकच भाव आहे. चर्च हे सभागृह नव्हे. तिथे मध्यभागी कलाकार नसतो, वेदी असते. प्रभूने यरुशलेमच्या मंदिरातून सराफांची चौरंगे उलथून टाकली हे शुभवर्तमान याच सणाला वाचले जाते, ते उगीच नव्हे. कार्यक्रम हे देवाच्या घराचे दार आहे. दारातून आत यायचे असते. कोणी आयुष्यभर दारातच बसून राहिला तर घरात काय आहे ते त्याला कळणार नाही.

आपण सिंदीकर

आता आपल्याकडे पाहू या. आपल्या सिंदीचा तान्हा पोळा पाहायला दूरदूरची माणसे येतात. त्याआधी घराघरांत काय चालते ते आपण जाणतो. माळ्यावरचा लाकडी नंदी खाली काढतात, वर्षाची धूळ झटकतात, निखळलेले चाक सुतार बसवून देतो, नवा रंग चढतो, शिंगांना बेगड लागते. पण रंगवलेला नंदी पुन्हा माळ्यावरच ठेवला तर पोळा होईल काय? मुलांनी त्याला दोरी बांधून रस्त्यावर ओढत नेले, तर पोळा! मंदिराचेही तसेच आहे. छप्पर गळायचे थांबले, भिंतीला चुना लागला, बाके नवी आली, म्हणजे नंदी रंगवून झाला. पोळा अजून व्हायचा आहे.

तो कसा होईल? इथे मला आपल्या सर्वांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. रविवारच्या मिस्सेत समोरच्या चार-पाच जणी गातात, पेटीवाला गातो आणि बाकीचे आपण हाताची घडी घालून ऐकतो. म्हणजे ज्या चर्चमध्ये कधी मैफल झाली नाही तिथे आपण दर रविवारी श्रोते होऊन बसतो! मोठ्या कॅथेड्रलमध्ये संगीताचा कार्यक्रम व्हावा की नाही याची चर्चा आपण करू, पण मिस्सेचाच कार्यक्रम झाला तर त्याला आपणच जबाबदार आहोत. ज्या मंदिरात मंडळी गात नाही ते संग्रहालय व्हायच्या वाटेवर आहे, मग त्याला पाहायला पर्यटक येवोत न येवोत.

आवाज चांगला नाही ही सबब देवापुढे चालत नाही. त्याने दिलेला आवाज आहे, तोच त्याला परत द्यायचा आहे. बसका असेल, फाटका असेल, तरी द्यायचा आहे. एज्राच्या काळात रडणाऱ्या म्हाताऱ्यांचा आवाजही त्या गजरात मिसळला आणि तो देवाला चालला.

दुसरी गोष्ट आपल्या वृद्धांविषयी. जुनी मराठी भक्तिगीते, त्यांच्या मूळ चाली, उपवासकाळातील गीते, अंत्यविधीची गीते, ही आपल्या आजी-आजोबांच्या ओठांवर आहेत. पुस्तकात शब्द सापडतील, चाल सापडणार नाही. एक म्हातारी आई प्रभूघरी जाते तेव्हा तिच्याबरोबर पाच-दहा चाली मातीत जातात. लोक लाखो रुपये खर्चून जुनी चित्रे वाचवतात. आपल्या घरातला हा ठेवा वाचवायला फक्त एक संध्याकाळ आणि नातवाचा मोबाइल लागतो. तिच्याजवळ बसा, तिला गाऊ द्या, ते साठवून ठेवा आणि स्वतः शिका.

तिसरी गोष्ट आपल्या मुलांची. २२ नोव्हेंबरला संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिचा सण येतो आणि त्यापाठोपाठ आगमनकाळ सुरू होतो. नाताळची गाणी बसवायला मुले जमतील. त्यांना एकदा नागपूरला आपल्या कॅथेड्रलमध्ये घेऊन जा. रेल्वेने नागपूर आपल्याला काय दूर आहे! बिशपांचे आसन त्यांना दाखवा, वेदी दाखवा, तिथे दोन मिनिटे शांत बसू द्या. आपली मंडळी लहान असली तरी आपण एकटे नाही, हे त्यांना त्या छताखाली न सांगता कळेल.

आणि चौथी गोष्ट, दाराविषयी. नाताळच्या गाण्यांना आपले हिंदू, बौद्ध, मुस्लिम शेजारी येतात. त्यांना पुढची जागा द्या. आपल्याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामची आठवण ठेवा. तिथल्या प्रार्थनेत सर्व धर्मांना जागा होती, आणि गांधीजींच्या आवडत्या गीतांपैकी एक पुढे कार्डिनल झालेल्या जॉन हेन्री न्यूमन यांचे होते. न्यूमन यांना २०१९ साली संतपद मिळाले. संत म्हणून ख्रिस्तसभेने ज्यांना गौरवले त्यांचे शब्द त्याच्या कितीतरी आधी गांधीजींच्या हृदयात घर करून बसले होते. गाणे असे भिंती ओलांडते. चांगले गायलेले एक साधे गीत शेजाऱ्याला शंभर वादविवादांपेक्षा प्रभूच्या जवळ आणते.

संत पौल करिंथकरांना लिहितात की तुम्हीच देवाचे मंदिर आहात. संत पेत्र आपल्याला जिवंत दगड म्हणतात. लॅटरन महामंदिर चौदाव्या शतकात दोनदा आगीत सापडले, पुन्हा उभे राहिले, आणि १६५० च्या पवित्र वर्षासाठी त्याला पुन्हा नवे रूप दिले गेले. दगडाच्या मंदिराला जर पुन्हा पुन्हा दुरुस्ती लागते तर जिवंत दगडांना ती लागणार नाही काय? आपल्यातही काही मनोरे कोसळले असतील. भावाभावांतले बोलणे तुटले असेल, कोणाची प्रार्थना थांबली असेल, कोणाच्या अंतःकरणातला ऑर्गन धुळीने भरून गेला असेल. प्रभू येशू हा सुताराच्या घरी वाढलेला आहे. एकेक नळी सोडवून, पुसून, पुन्हा जागच्या जागी बसवणे त्याला येते. फक्त दारावर तो ठोठावील तेव्हा आतून गाऊन उत्तर देणारे कोणीतरी हवे.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू, तुझ्या घराची निगा राखणाऱ्या सर्व कारागिरांना, गायकांना, वादकांना आणि देणगीदारांना तू आशीर्वाद दे. आमच्या धर्मप्रांताच्या मातृमंदिराला आणि आमच्या या लहानशा मंदिराला तुझ्या वचनाने आणि स्तुतीने भरून ठेव. आमच्यातले जे मोडले आहे ते तू जोड. आमच्या मुक्या ओठांना गाणे दे, आमच्या गाण्याला न्यायाची आणि दयेची साथ दे, आणि आमच्या दारी येणाऱ्या प्रत्येकाला तुझे दर्शन घडू दे. आमेन.